घासूनपुसून दिलेली डिस्क

आमच्या घरात नवी वस्तू आत यायची ती जुनीला बाहेर काढूनच. भांडुपच्या टेकडीवर आमची दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, आणि त्यात आई, अण्णा, मी आणि अण्णांची वाजवायची पेटी. जागाच नव्हती, तर साठवणार काय आणि कुठे? नवा कुकर आला त्याच दिवशी जुना खालच्या गल्लीत गेला. नवी सतरंजी आली तशी जुनी कांबळेकाकांच्या अभ्यासिकेत गेली. हा आईचा नियम, आणि त्याच्या पोटात आणखी एक नियम होता: द्यायचं ते घासूनपुसून द्यायचं. तो जुना कुकर देण्याआधी आईने चिंच आणि राख लावून इतका घासला होता की घेणाऱ्या बाईला वाटलं, चुकून नवाच हातात आला. मी वैतागायचे. द्यायचाच आहे, मग घासेल की ती तिच्या घरी! त्यावर आईने एकदाच, भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगितलं होतं, “परभणीकडं आमच्या गावात वरच्या आळीतून आम्हाला जुनी भांडी मिळायची. तळाला दुसऱ्याच्या भाताची खरपुडी तशीच. ती खरवडताना माझी माय काय बोलायची ते तुला नाही सांगायचं मला. आपल्या हातून कुणाला उष्टं जाऊ नाही, बस.” त्यानंतर मी त्या बाबतीत कधी हुज्जत घातली नाही.

आज माझ्या फ्लॅटमध्ये एक अख्खा ड्रॉवर बंद पडलेल्या फोनांनी, चार्जरांनी आणि कशाच्या आहेत ते आठवत नाही अशा वायरींनी भरलेला आहे. माझ्याच्याने त्यातलं काहीही टाकवत नाही. नवरा म्हणतो, आता फक्त बाहेर भंगारवाल्याची पाटी लावायची राहिलीय. कारण त्याला माहीत आहे, तरी म्हणतो.

अण्णा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, पण ते पोटापुरतं. खरे अण्णा म्हणजे गायन पार्टीतले अण्णा. स्वतः गाणी लिहायचे, स्वतः चाल लावायचे आणि विक्रोळीपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांमध्ये जाऊन गायचे. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आमच्या घरात आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ह्यात माणसाचा आवाज राहतो का गं?” राहतो म्हटल्यावर दर रविवारी सकाळी आमच्याकडे रेकॉर्डिंग सुरू झालं. खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा, दार लोटून घ्यायचं. आईला ताकीद असायची, पण शेजारच्यांच्या कुकरला कोण ताकीद देणार? दर दुसऱ्या गाण्यात शिट्टी. अण्णा चिडायचे, डोळे मिटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आई ओट्याशी येसराच्या आमटीची तयारी करून बसलेली असायची. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्यांचं पीठ. त्याची फोडणी पडली की सगळी चाळ शिंकते. पण ती फोडणी गाणं संपल्याशिवाय पडायची नाही. त्यामुळे रविवारी जेवण हमखास उशिरा, आणि भुकेल्या पोटी ऐकलेली ती गाणी मला शब्द न् शब्द पाठ झाली. चाळीसेक असतील. मोजली कधीच नाहीत.

मी तेव्हा मुलुंडला एका कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथल्या सरांनी सगळ्यांना लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमची, सीडी वाटली होती. फुकट, व्हायरसची भीती नाही, आणि वापरणाऱ्याला आपण इतरांपेक्षा चार बुकं जास्त शिकलोय असं वाटायला लावणारं. हे शेवटचं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. आमच्या वस्तीत कॉम्प्युटर असलेली घरं चार, त्यात लिनक्स असलेलं एकच, आणि ते मीच टाकलेलं. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे मी दोन भाग केले. एकात आधीपासूनचं विंडोज होतं ते तसंच राहू दिलं, दुसऱ्यात लिनक्स टाकलं. अण्णांची गाणी विंडोजच्या काळात रेकॉर्ड झालेली, ती तिकडेच पडून होती. लिनक्समधून ती उघडता यावीत म्हणून मी पडद्यावर एक फोल्डर दिसेल असं करून ठेवलं आणि त्याला नाव दिलं ‘अण्णा’. ते खरं फोल्डर नव्हतं, शॉर्टकट होता. म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ती रोज उघडायची, रोज चालायची, आणि गाणी मुळात कुठल्या भागात आहेत हे मी सपशेल विसरून गेले.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. कारखान्यातच, दुपारच्या सुट्टीत, डबा उघडताना. उजवी बाजू हळूहळू बरीचशी परत आली, काठी घेऊन चालायला लागले, पण वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. शब्द मात्र ओठापर्यंत येऊन अडायचा आणि मग ते डावा हात कपाळावर मारून घ्यायचे. चार महिने त्यांच्याकडे तीनच शब्द होते: ‘हां’, ‘अगं’ आणि ‘ते’. पाणी हवं असलं तरी ‘ते’, पंखा बंद करायचा असला तरी ‘ते’. आई तोंडाकडे बघून ओळखायची, आणि चुकली की स्वतःवर चिडायची, एवढी वर्षं संसार केला आणि नवऱ्याला काय हवं ते कळत नाही म्हणून. घरात इतकी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, तरुण, बोलायला तोडून पण मनाने चांगल्या. अण्णा गायचे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “रेकॉर्डिंग आहे? त्यांच्या स्वतःच्या आवाजात?” आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही नशीबवान आहात. रोज ठरलेल्या वेळी लावायचं. ओळ संपत आली की शेवटच्या शब्दाआधी थांबवायचं आणि तो शब्द त्यांना भरू द्यायचा. दुसऱ्या कुणाचं गाणं नको हं. स्वतःच्या आवाजामागे ते जातील.” माझी नुकती लागलेली टायपिंगची नोकरी दुपारच्या पाळीची होती, म्हणून आम्ही सकाळी दहाची वेळ ठरवली. अण्णा साडेनऊलाच दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायचे. ‘पायात नव्हती चप्पल तरी चालत आलो...’ असं त्यांचाच आवाज गायचा, मी बटण दाबून थांबवायचे, आणि अण्णांचा जबडा हलायला लागायचा. आठ दिवस नुसता जबडाच हलला. नवव्या दिवशी ते म्हणाले, “शाळेला.” आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. पुढच्या दोन महिन्यांत वीसेक शब्द आले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते गाण्यातून उठून घरात वावरायला लागले. एके दुपारी जेवताना अण्णांनी ठसका लागल्यावर ‘ते’ न म्हणता “पाणी” म्हटलं. आईने तांब्या दिला आणि मोरीत जाऊन रडली.

हे एवढं लांबण लावून सांगतेय ते अशासाठी की त्या गाण्यांची किंमत मला माहीत नव्हती असं कुणाला वाटू नये. चांगली माहीत होती.

मॅडमनी पुढे सांगितलं की त्यांचे नवे शब्दही रेकॉर्ड करत चला, महिन्याभराने त्यांचे त्यांना ऐकवा, हुरूप येईल. पण डिस्क गच्च भरली होती. काहीही साठवायला गेलं की जागा शिल्लक नाही असं उत्तर. मी पगारातून साठवलेल्या पैशांतून नवी, चौपट मोठी डिस्क घ्यायची ठरवलं. क्लासमधला संदेश सावंत घाटकोपरला कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानात कामाला होता, त्याच्याकडे गेले. संदेश मालवणचा, बोलताना मध्येच गावाला जाऊन यायचा. डिस्क पिशवीत घालून देताना म्हणाला, “सुजाता, एक काम कर. आधी तुझ्या बापाशीच्या गाण्यांच्यो सीडी मार. तासाभराचा काम. मगे डिस्कशी काय खेळायचा ता खेळ.”

“सीडी तुझ्यासारख्यांसाठी रे,” मी म्हटलं. “मी नुसत्या फायली नाही नेणार, अख्खं लिनक्स उचलून नव्या डिस्कवर ठेवणार आहे. जसंच्या तसं.”

“येता गो तुका, कोण म्हणता नाय? पण यार, बॅकअप घेतला म्हणून कोणी मेला नाय अजून.”

मी हसले आणि पिशवी उचलली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही अण्णांची आवडती म्हण होती. वाचा होती तेव्हा दिवसातून दोनदा तरी मला ऐकवायचे.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळचा धडा झाल्यावर मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि जुन्या डिस्कच्या जोडीला नवी डिस्क जोडली. अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. आई शेजारी सुपात ज्वारी निवडत बसली. अधूनमधून ती विचारायची, “शॉक नाही ना लागायचा?” मी उगाचच एकेका आज्ञेचा अर्थ मोठ्याने सांगत होते, जणू समोर वर्ग भरलाय. लिनक्सचा भाग मी पूर्ण उचलला: प्रोग्रॅम, सेटिंग, माझ्या फायली, पडद्यावरचं चित्रसुद्धा. विंडोजचा भाग मात्र नेलाच नाही. नव्या घरात ते ओझं कशाला, असा माझा तोरा होता. दुपारच्या जेवणापर्यंत सगळं हललं. मग कॉम्प्युटर नव्या डिस्कवरून सुरू केला. एक चूक, दोन चुका, तिसऱ्या खेपेला तो व्यवस्थित उठला, आणि पडद्यावर सगळं जागच्या जागी. ‘अण्णा’सुद्धा. मी त्यावर टिचकी मारली. पहिलंच गाणं लागलं. अण्णांनी बोटं मांडीवर आपटत ठेका धरला आणि म्हणाले, “हां.”

म्हणजे मी तपासलं नाही असं नाही. तपासलं. पण जुनी डिस्क तेव्हा जोडलेलीच होती. चिठ्ठी नव्या डिस्कवर आली होती आणि तिच्यावरचा पत्ता जुन्याच घराचा होता. घर अजून उभं होतं म्हणून दार उघडलं, एवढंच. मला त्या क्षणी एकदा जरी जुनीची वायर काढून बघायचं सुचलं असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

“झालं ना नवं चालू?” आईने विचारलं. “मग ते जुनं आजच काढ. कांबळेभाऊंच्या मशीनची डिस्क गेलीय, कवाचे विचारायलेत. आणि नीट पुसून दे बाई. आपलं काहीबाही राहायला नको त्यात.”

“पुसते गं, मला कळत नाही का?”

साधं फॉरमॅट केलं असतं तर चाललं असतं. पण आमच्या घरची देण्याची पद्धत मला अंगवळणी पडली होती, आणि लिनक्समध्ये डिस्क खरोखर घासून काढायची सोय होती: पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, आधी काय लिहिलंय ते न बघता, प्रत्येक घरात शून्य लिहीत जायचं. मी ती आज्ञा दिली. मोठं समाधान वाटलं मला. घेणाऱ्याला कोरी करकरीत वस्तू मिळणार होती, जणू आजच कारखान्यातून निघाली. डिस्क एका सुरात गुणगुणत राहिली. आईने चहा ठेवला. अण्णांचा आवाज त्यांच्यापासून दोन हातांवर पुसला जात होता आणि ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून चहात पडलं तेव्हा आम्ही दोघं हसलोसुद्धा. पाचच्या सुमारास मी डिस्क काढली, फडक्याने पुसली आणि अभ्यासिकेत नेऊन दिली. कांबळेकाका कारखान्यातून निवृत्त झालेले, वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत अभ्यासिका चालवायचे. “जय भीम बेटा,” म्हणाले, “तुझ्या आईकडून आलेली वस्तू म्हणजे बघायलाच नको.”

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजले. अण्णा इस्त्रीच्या शर्टात. मी ‘अण्णा’वर टिचकी मारली आणि पडद्यावर एक लहानशी चौकट आली: असं काही सापडत नाही. पुन्हा मारली. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा मारताना मला सगळं एकदम कळलं. माझे कान बंद झाले. आई मागून काहीतरी विचारत होती ते मला तिच्या ओठांवरून कळलं. मी म्हटलं, “नवीन आहे ना, जरा बिघडलंय. संदेशला दाखवून आणते.” अण्णांनी मान हलवली आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

कांबळेकाकांकडून मी डिस्क परत मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही, दोन्ही हातांनी उचलून दिली. ती घेऊन घाटकोपरला संदेशच्या दुकानात गेले. रविवारचं दुकान अर्धं बंद, तो एकटाच होता. हरवलेल्या फायली शोधून काढायचं काहीतरी त्याने लावलं आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. तीन तास. आकडा वाढत होता, सापडलेल्या फायली शून्य. शेवटी त्याने विचारलं, “तू फॉरमॅटच केलंस ना गो?”

“नाही. शून्यं लिहिली.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

त्याने चालू असलेला शोध बंद केला. मग म्हणाला, “वाट लावलंस. नुसता फॉरमॅट केलं असतंस तर अर्धी तरी काढून दिली असती. तू तर घासून काढलंस.” मला वाटत होतं तो सीडीची आठवण देईल. नाही दिली. त्यामुळे आणखी वाईट वाटलं. चहा मागवला त्याने, तो तसाच ठेवून मी निघाले.

पुढचे आठ दिवस मी खोटं बोलले. पार्ट मिळत नाही, संदेश गावाला गेलाय, सोमवारी होईल, बुधवारी होईल. त्या आठ दिवसांत मी पार्टीतल्या अण्णांच्या तीन जुन्या साथीदारांकडे जाऊन आले. एकाकडे कार्यक्रमाची कॅसेट निघाली, तिच्यात टाळ्या, कोरस आणि दुसऱ्याच गायकाचा आवाज. शब्द वहीत होते, अण्णांच्या अक्षरात सगळे होते, पण वही गात नाही. आणि अण्णा रोज साडेनऊला दाढी करून, शर्ट घालून, बंद पडद्यासमोर बसत. दहा ते साडेदहा. मग उठत. पाचव्या दिवसापासून पाण्यासाठी पुन्हा ‘ते’ सुरू झालं. एका दिवशी आईने वही उघडून स्वतःच गाऊन बघितलं. तिला वाचता बेताचं येतं आणि गळा तर अजिबात नाही. “पायात नव्हती चप्पल तरी...” म्हणून ती थांबली. अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं.

आईला कळलं ते शनिवारी. मी कपडे वाळत घालत होते, ती बादली घेऊन मागे आली आणि म्हणाली, “सुजे, खरं सांग. गाणी हायेत का गेली?” मी सांगितलं. डिस्क, चिठ्ठी, पत्ता, शून्यं, सगळं तिला कळेल अशा शब्दांत. तिने एकच विचारलं, “पण इतकं कशापायी पुसलं गं?” आणि मी, जिने स्वतःच्या हाताने ते केलं होतं, फाडकन बोलले, “तूच म्हणतेस ना, घासूनपुसून द्यायचं! तुझीच सवय ती!”

बादलीतला एक पिळलेला टॉवेल तिने पुन्हा पिळला. त्यातून पाणी निघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईला मी त्यानंतर कैक वेळा दुखावलं असेल, लेकी दुखावतातच, पण त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट घेऊन मी तिलाच मारली. संध्याकाळी तिने मला जवळ बसवून फक्त एवढंच सांगितलं, “उद्या तू त्यांला सांग. मी नाही सांगायची. त्यांची गाणी हायेत, त्यांला कळलं पाहिजे.”

रविवारी दहाला अण्णा खुर्चीत बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं, “ते?”

“अण्णा, गाणी गेली,” मी म्हटलं. “माझ्या हातून पुसली. सगळी. परत येणार नाहीत.”

आधी त्यांनी ऐकलंच नाही असं वाटलं. मग हळूहळू तोंड लाल झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी घाबरले, पुन्हा झटका येतो की काय म्हणून उठायला लागले, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, आणि झटक्याआधीच्या त्यांच्या भरदार आवाजात, एकही शब्द न अडता, मला विचारलं,

“कुनी सांगितलं व्हतं तुला हात लावायला?”

ओट्याशी आईचे हात पिठात होते. ती तशीच धावत आली. “बोलले! अगं बोलले की! अख्खं बोलले!” तिने पिठाचे हात अण्णांच्या दोन्ही गालांवर ठेवले, हसत होती आणि रडत होती, आणि अण्णा तिच्या हातांमधून माझ्याकडे बघत होते. ते हसत नव्हते. दहा मिनिटांत आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. काय बोलले म्हणून बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “‘सुजा, पाणी दे माय’ म्हणाले.” मी दारातच उभी होते. एवढ्या सफाईने खोटं बोलताना मी तिला पहिल्यांदा बघितलं.

मॅडमना मात्र खरं सांगावं लागलं. गाणी गेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण ते वाक्य ऐकल्यावर त्यांनी घाईने कागद ओढला आणि लिहून घेतलं. बोटांवर मोजलं. “सहा शब्द. अर्थाला धरून. कमाल आहे! चला, गाणी नाहीत तर आता हेच घ्यायचं. पाच शब्द तुम्ही म्हणायचे, सहावा त्यांना भरू द्यायचा. मग पाचवा-सहावा. असं मागे मागे जायचं.”

“मॅडम, दुसरं कुठलं तरी वाक्य घ्या ना,” मी म्हटलं.

“दुसरं आहे का?”

दुसरं नव्हतं. म्हणून रोज सकाळी दहाला मी अण्णांसमोर बसायचे आणि म्हणायचे, “कुनी सांगितलं व्हतं तुला हात...” पहिले तीन दिवस मला पाच शब्द पुरे करता आले नाहीत, दोनावरच अडायचे. अण्णा थांबायचे. मी पुन्हा सुरू करायचे. मग ते म्हणायचे, “लावायला.” सुरुवातीला रागाने म्हणायचे, डोळ्यांत डोळे घालून. पुढे पुढे पाढा म्हणावा तसं. हळूहळू ‘हात लावायला’ आलं. ‘तुला हात लावायला’ आलं. त्याहून मागे गाडी गेली नाही. अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले. पन्नास-साठ शब्दांवर त्यांनी संसार निभावला, पेटीवर डावा हात फिरवायचे, गाणं मात्र पुन्हा गळ्यातून निघालं नाही, आणि पूर्ण वाक्यही पुन्हा कधी नाही. त्यांच्या तोंडचं शेवटचं अख्खं वाक्य ते होतं, आणि ते मला उद्देशून होतं. हे मी कुणाला सांगत नाही. आता लिहिलं.

तो सकाळचा धडा दीड-दोन महिने चालला. एके दिवशी मी पाच शब्द म्हटले आणि थांबले. अण्णा गप्प. मला वाटलं शब्द अडला. मी पुन्हा म्हटलं, “कुनी सांगितलं व्हतं तुला हात...” पुन्हा गप्प. पण जबडा हलत नव्हता, कपाळावर हात मारून घेत नव्हते. शब्द त्यांना येत होता, आदल्याच दिवशी चारदा म्हणाले होते. मी तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा ते खुर्चीतून पुढे वाकले आणि डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. दाढीच्या साबणाचा वास होता त्या हाताला. “नको,” अण्णा म्हणाले. हा शब्द मॅडमच्या कागदावर नव्हता, वहीतल्या गाण्यांतही नव्हता, आणि मी तो त्यांना शिकवलेला नव्हता.